नानांचा लाल गमछा

नाना गेल्याचं मला मोबाइलवर कळलं, पहिल्याच रिंगला. धुळ्याच्या आमच्या गल्लीत एके काळी बातमी इतकी सरळ येत नसे. अख्ख्या गल्लीत फोन एकच, समोरच्या नानांकडे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या या माणसाने आपला नंबर सगळ्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांत वाटून टाकला होता. कुणाचा फोन आला की ओट्यावर येऊन खणखणीत हाक मारायचे.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा अमेरिकेतल्या मुलाची पत्रं यावीत म्हणून त्यांनी कॉम्प्युटर आणि फोनच्याच तारेवर चालणारा मोडेम आणला. मोडेम किंचाळू लागला की नाना खुर्चीत सावरून बसत... आणि तेवढा वेळ फोन अडकून पडे. हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या बहिणीचं दुसरं बाळंतपण सासरी, असोद्याला होतं. कळा सुरू झाल्यावर मेहुण्यांनी सकाळभर फोन लावला, पण लाइन एंगेज. दुपारी एकदाचा फोन लागून आई पोचली तेव्हा मुलगी होऊन तिची अंघोळसुद्धा झाली होती. सगळं सुखरूप होतं, तरी आई परतल्यावर नाना मान खाली घालून आमच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "उद्यापासून ते यंत्र बंद."

आई पिंपळनेरची, रोखठोक. "बंद कशाले? पोऱ्यानं पत्र येवाले नको का? बठ्ठासले दिखी असं काहीतरी टांगा. ज्याले फोन येवाना व्हई, तो ईसन सांगी, लाइन सोडा."

तेव्हापासून नाना लाइनवर बसले की सगळ्यांना दिसेल असा ओट्यावरच्या खिळ्याला त्यांचा लाल गमछा लटकू लागला, आणि ज्याचा फोन यायचा असेल तो येऊन लाइन सोडायला सांगू लागला. एकदा नातवाचा पहिलावहिला फोटो येत होता. वरून खाली, मुंगीच्या पावलांनी... केस दिसले, कपाळ दिसलं, आणि मी दारात. जळगावहून माझ्या नोकरीचा निरोप यायचा होता. स्क्रीनकडे न बघताच मी म्हणालो, "नाना, लाइन सोडा." त्यांनी तत्क्षणी सोडली. दहा मिनिटांत फोन आला, नोकरी लागली. फोटोचं कळल्यावर मी ओशाळलो, तर हसून म्हणाले, "कपाळ माझ्यावर गेलंय. नाक उद्या बघू." त्या दहा मिनिटांवर माझा संसार उभा आहे, आणि आज ते आठवलं की रडू नाही, हसूच येतं.

मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो होतो. नानांच्या पत्नी, आमच्या अक्का, यांनी गमछा धुऊन, घडी घालून कपाटात ठेवलाय. अमेरिकेहून आलेला त्यांचा मुलगा ओट्यावरच्या त्या खिळ्याला नवं कॅलेंडर लावत होता. अक्का म्हणाल्या, "नको, तो मोकळाच राहू दे." त्याला काही उमगलं नाही. मला उमगलं. खिळा रिकामा असला की लाइन मोकळी असते... फोन येऊ शकतो.