कापसातली चंद्रकबड्डी

मी एकदा पंच म्हणून धडधडीत खोटं बोलले, आणि तेही एका लाल फुग्याबद्दल. फुगा कापसाला टेकला होता. माझ्या डोळ्यांदेखत टेकला होता, वर उडताना कापसाचा एक धागासुद्धा त्याला चिकटून आला होता. तरी मी हात उंच करून ओरडले, "नाही टेकला!" तेव्हा मी तरुण होते, बासष्ट वर्षांची. आता सहासष्ट संपल्यावर थोडी अक्कल आली असं मी म्हणते. घरात दुसरं कोणी म्हणत नाही, ती गोष्ट वेगळी.

ज्या पोरीसाठी खोटं बोलले ती माझी नात. तेव्हा पाचवीत होती. तिचा डावा पाय जन्मापासून उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड. यवतमाळच्या डॉक्टरांनी डाव्या चपलेला खालून जाड थर लावून दिला होता, त्यामुळे चालताना कुणाला पत्ता लागत नसे. पण धावायला गेली की पडायची. शाळेत लंगडी, खो-खो, कबड्डी, काहीही सुरू झालं की पोरी तिच्याजवळ चपला काढून ठेवायच्या. "तू राख वं," म्हणायच्या. कुणी चिडवत नव्हतं, कुणी वाईटही वागत नव्हतं. चिडवलं असतं तर मी जाऊन भांडले तरी असते.

एकदा पालकांच्या सभेला गेले, तर ही मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली, चपलांच्या ढिगाच्या मधोमध बसलेली.

"काय करून राह्यली वं?" मी विचारलं.

"ड्युटी करून राह्यली," ती म्हणाली. हसून म्हणाली. पण मग घर येईपर्यंत माझ्या दोन पावलं पुढेच चालत राहिली.

त्या हिवाळ्यात शाळेतल्या मॅडमनी वर्गातल्या पडद्यावर अंतराळातली माणसं दाखवली. यानाच्या आत ती चेंडू खेळत होती, कोलांट्या मारत होती, भिंतीला एक बोट लावून इकडून तिकडे जात होती. पोरगी घरी आली ती दप्तर पाठीवर तसंच ठेवून चुलीजवळ उभी राहिली.

"आजी, तिथं कोणी पडतच नाही!"

"मंग उठतात कसे?"

"पडतच नाहीत तं उठतीन कायले?"

मॅडमनी सगळ्यांना काम दिलं होतं. जिथं वजन कमी भरतं, चंद्रावर म्हणा की यानात म्हणा, तिथं खेळता येईल असा खेळ शोधायचा, चार मैत्रिणींना घेऊन खेळून पाहायचा आणि वर्गासमोर सांगायचा. मैत्रिणी आपण निवडायच्या. पोरीच्या चेहऱ्याकडे बघूनच मला कळलं. आजवर तिला कुणी खेळायला निवडलं नव्हतं. आता निवडणारी ती होती.

आणि चंद्र तर आमच्या मधल्या खोलीतच होता.

भाव चढेल म्हणून मुलानं कापसाची सगळी वेचणी त्या खोलीत भरून ठेवली होती. खिडकी अर्धी बुजली होती. आमच्याकडे त्या दिवसांत कापूस खोलीत झोपतो आणि माणसं ओसरीत. त्या कापसात पाय टाकला की मांडीपर्यंत आत जातो. दुसरा पाय उचलायचा तर आधी पहिल्याची समजूत काढावी लागते. पळणं शक्यच नाही. पण पडलात तर लागत नाही, आवाजही होत नाही.

हे मला ठाऊक असण्याचं कारण काही भूषणावह नाही. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात सासूबाईंनी मला त्याच खोलीत कापूस तुडवायला पाठवलं होतं. तुडवायचा म्हणजे पायांनी दाबून पुढच्या वेचणीला जागा करायची. मी एकोणीस वर्षांची, बावळट नंबर एक. चार पावलं तुडवल्यावर शोध लागला की इथं पडलं तर मजा येते. झालं. पदर खोचून मी खिडकीच्या चौकटीवर चढले आणि उड्या मारत सुटले. तिसऱ्या उडीला दारात सासरे! लाजेनं तोंड लपवायला मी कापसात मुंडकं खुपसलं, ते इतकं आत गेलं की निघेना. बाहेर उरले फक्त पाय, जोडव्यांसकट. सासऱ्यांनी शांतपणे आत हाक दिली, "अवो, सून उलटी लागली. सुलटी लावा."

तर कापसातला माझा अनुभव असा जुना. मी मुलाकडे परवानगी मागितली.

"माय, कापूस हाय थो. गादी नाही," तो म्हणाला.

"तुडवा तं लागतेच ना? आम्ही फुकटात तुडवून देतो."

त्याने कपाळाला हात लावला, पण हो म्हणाला. एक अट घातली. कापूस दिग्रसच्या जिनिंगला जाणार होता. तिथं सरकी काढणाऱ्या यंत्रात एखादी पिन जरी गेली तर ठिणगी उडते आणि कापूस पेट घेतो. म्हणून दारात परात ठेवायची. क्लिपा, पैंजण, कानातलं, टाचण्या, सगळं परातीत. केस रुमालानं घट्ट बांधायचे. चपला तर उंबऱ्याबाहेरच, कारण कापसावर चपलेनं चढणं आमच्याकडे कुणाला सुचतही नाही. अनवाणी चढायचं, तेही आधी कापसाला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि मगच.

नियम नातीनं केले. कबड्डी खेळायची, पण कबड्डी-कबड्डी म्हणायचं नाही.

"काहून?"

"चंद्रावर हवाच नाही. आवाज कोणाले ऐकू येईन?"

"मंग दम कसा मोजायचा?"

तिने वाढदिवसाचा उरलेला लाल फुगा फुगवून दाखवला. जिचं राज्य तिने फुगा हवेत ठेवायचा, हळूहळू टपल्या मारत, आणि तेवढ्यात बाकीच्यांना शिवायचं. फुगा म्हणजेच दम. फुगा कापसाला टेकला की ती बाद. शिवली गेली तीही बाद. बाद झालेलीने दारात बसायचं. शेवटी उरेल ती जिंकली.

"पण हवा नाही तं फुगा तरंगन कसा?" मी उगाच खोडी काढली.

"आजी, इथं फुगा, तिथं चेंडू. एवढं तं समजून घे!"

रविवारी दुपारी तिच्या वर्गातल्या चौघी आल्या. त्यात शाळेतली सगळ्यांत वेगानं धावणारी, उंच, काटक पोरगीही होती. मी पंच. परात क्लिपांनी भरली, उंबऱ्याबाहेर पाच जोड चपला लागल्या.

पहिल्या डावात जे झालं ते मी अजून विसरले नाही. चौघी पळायला गेल्या आणि कमरेपर्यंत रुतल्या. जितका जोर लावतील तितक्या आत. नात मात्र पोटावर आडवी झाली. कोपरांनी पुढे सरकायची, विहिरीत पोहल्यासारखी, आणि मधूनच पालथ्या हाताने फुग्याला टपली मारायची. एकेकीला तिने टाचेला शिवून बाद केलं. आखूड पाय, लांब पाय, कापसाला काही फरकच पडत नव्हता. पहिला डाव तिचा. दुसराही तिचा. दारात बसलेल्या पोरी चपलांच्या शेजारी खिदळत होत्या. मी तर इतकी खुश झाले की अंगाला सुटलेली कापसाची खाजसुद्धा विसरले.

तिसऱ्या डावात दोघीच उरल्या, ती आणि ती उंच पोरगी. राज्य नातीचं. तिने हात जरा लांब टाकला, फुगा तिरपा गेला आणि टेकला.

आता पंच म्हणून काय करायचं होतं? दोन डाव ती जिंकलीच होती. तिसरा हरली असती तर आभाळ कोसळणार नव्हतं. पण मला ते कडुनिंबाखालचं ध्यान आठवलं आणि तोंडातून निघून गेलं, "नाही टेकला! खेळा, खेळा!"

उंच पोरीने माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे वळून, तिला वाटलं असेल तितक्या हळू नव्हे, म्हणाली, "जाऊ दे वं. तिचा पाय तसा आहे ना."

नातीने फुगा हवेतच पकडला. कापसातून सरकत दाराशी आली, परातीतली क्लिप घेतली, चपला घातल्या आणि मागच्या अंगणात निघून गेली.

संध्याकाळी मी तिच्यासाठी गुळाचा चहा घेऊन गेले. तिने घेतला नाही.

"टेकला होता," ती म्हणाली.

"हो."

"दोन डाव मी जिंकली होती ना?"

"हो वं बाई."

"त्या खरंखरं हरल्या होत्या. आता म्हणतीन, तिन्ही डाव आम्हीच सोडले." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी मॅडमले सांगतो, माह्याजवळ खेळ नाही."

चहा मीच प्यायले. टाकायचा कसा, गूळ घरचा.

कापूस बुधवारी जाणार होता. त्यानंतर ती खोली रिकामी, पुढच्या हंगामापर्यंत चंद्र बंद. सोमवारी मी मधल्या सुटीत शाळेत गेले. चौघी मैदानात होत्या, नात नेहमीच्या झाडाखाली, नेहमीच्या ड्युटीवर. मी चौघींना बोलावून तिच्यासमोर उभं केलं.

"काल फुगा टेकला होता. मी खोटं बोलली."

"आम्हाले माहीत होतं, आजी," उंच पोरगी म्हणाली.

"मंग भांडली काहून नाही?"

"तुमी मोठ्या आहा. अन् तिचा पाय..."

"तिच्या पायाले काही नाही झालं. माह्या डोक्याले झालं होतं. उद्या शाळा सुटल्यावर या. पंच कोणी नाही. मी खेळणार आहे."

चौघी एकमेकींकडे बघून हसल्या. नात हसली नाही. संध्याकाळी घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं, "तू मले बाद करशीन?"

"सापडली तं सोडणार नाही."

"पाहू."

मंगळवारी मी पदराची पिन परातीत टाकली, केसांचे आकडे टाकले, मुलाने बजावलं म्हणून कानातलेही टाकले. नऊवारीच्या काळात मी असते तर कासोटा मारला असता, पाचवारीत नुसतं खोचून भागवलं. कापसात उतरताना गुडघे असे बोलले की पोरींना वाटलं फुगा फुटला.

पहिलं राज्य माझं. मी नातीकडून शिकले होते, आडवी झाले आणि सरकत निघाले. म्हातारपणाचा एक फायदा असतो, घाई कुणाला नसते. दोघी बाद केल्या. मग नात माझ्या अगदी हाताशी आली. ती थांबून माझ्याकडे बघत होती. बघत म्हणजे तपासत होती. मी फुग्याला टपली मारली, हात लांबवला आणि तिच्या पाठीत चांगली थाप घातली.

"बाद!" मी इतक्या जोरात ओरडले की मुलगा बैलाचा चारा टाकून धावत आला.

ती उठली आणि दारात जाऊन बसली. चपलांच्या शेजारी. ते पाहून 'राहू दे, परत ये' हे शब्द अगदी ओठांवर आले. मी तोंडात कापूस कोंबावा तसे ओठ मिटले. पुढच्याच टपलीला माझा फुगा टेकला. मी स्वतःच ओरडले, "टेकला!" आणि जाऊन तिच्या शेजारी बसले. थोडी सरकून तिने मला उंबऱ्यावर जागा दिली.

दुसऱ्या डावात राज्य तिचं. तिने तिघी उचलल्या. उरलो मी आणि उंच पोरगी. आता ऐका, मी खरोखर जीव तोडून पळाले. खिडकीच्या कोपऱ्यात गेले, गळ्यापर्यंत कापसात दडले, तोंडावर रुमाल ओढला. उंच पोरगीही बाद झाली. मग बराच वेळ कुठून काही आवाज येईना. मला वाटलं, फुगा टेकला असणार. म्हणून मान वर काढली, तर तो लाल फुगा माझ्या डोक्यावर, आणि मागून कुणीतरी टाचेला शिवलं.

"पायाले नाही लागलं, लुगड्याले लागलं!" मी भांडण काढलं. हरायचं नव्हतं हो मला.

"पायालेच लागलं!" दारातून चौघी एका सुरात ओरडल्या. "आजी, खोटं नका बोलू!" जाऊ दे असं कुणीही म्हणालं नाही. म्हातारी म्हणून नाही, गुडघे दुखतात म्हणून नाही.

नात कापसात गुडघ्यांवर उभी राहिली होती. भुवयांवर कापूस, नाकावर कापूस. फुगा काखेत धरून तिने दाराकडे बोट दाखवलं.

"आजी, तू बाद. जाय, दारात बस अन् चपला राख. माह्यी डावी नीट ठेवजो, जड आहे थे."