दोन डाव्या बाह्या

गल्लीत त्यांना सगळे पँटवाले काका म्हणत. उभ्या आयुष्यात त्यांनी पँटशिवाय काही शिवलं नव्हतं. कोणी शर्टाचं कापड आणलंच, तर काका असा चेहरा करत, जणू गिऱ्हाईक न्हाव्याकडे दात काढायला आलंय. पँटमध्ये मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

मुलगी वकील झाली आणि पंचाईत झाली.

"बाबा, सोमवारी पहिल्यांदा कोर्टात उभी राहणार. काळा कोट तुम्हीच शिवायचा."

"समोरच्या कोटवाल्याकडे टाकू की."

"मग बापही तोच करून घेऊ का?"

आतून काकू म्हणाल्या, "अगं, नाही जमायचं त्यांना. लग्नापासून बघतेय, कमरेच्या वर कधी नजर गेली नाही त्यांची."

हे काकांना झोंबलं. घाम पुसत पुसत त्यांनी पाठ कापली, पुढचे भाग कापले. जमलं! हुरूप आला, भीती पळाली आणि तिथेच घोळ झाला. उरलेलं कापड दुमडण्याइतकं रुंद नव्हतं, म्हणून बाह्या एकेक करून कापल्या आणि दुसरीच्या वेळी कागदी नमुना उलटा करायला विसरले. दोन्ही बाह्या डाव्या! मुलीने कोट घातला, तर उजवा हात असा मागे वळला, जणू पाठीमागून लाच घेतेय. काकू हसता हसता खालीच बसल्या.

सोमवार तोंडावर आलेला. काकांनी मान खाली घातली आणि कोट घेऊन रस्ता ओलांडला.

कोटवाल्याने बाह्या पाहिल्या. "या, बसा. आता झालात तुम्ही कोटवाले."

"थट्टा करू नका हो."

"थट्टा कसली? मी एका नवरदेवाला दोन्ही उजव्या लावल्या होत्या. अजून कात्री हातात घेतली की पोटात गोळा येतो."

"अजून? तुमच्या?"

"येतो म्हणून तर दोनदा तपासतो. ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी मी शिवतच नाही."

काकांना आजवर वाटायचं, भीती फक्त शिकाऊ माणसाला वाटते. कोटवाल्याने दिलेला काळा तुकडा घेऊन ते घरी आले आणि पोटातल्या गोळ्यासकट बाही कापायला बसले.

सोमवारी मुलगी कोट घालून दारात उभी राहिली.

"बाबा, हात थरथरतायत माझे."

"थरथरू देत. तसल्याच हातांनी शिवलाय तो."

ती गेली. काकू बघत होत्या. "उजवा खांदा जरा वर राहिलाय."

"दिसला मला," काका म्हणाले, "पुढच्या कोटात बसवतो."