जगात दोनच ठिकाणी

बुऱ्हाणपुरात पाहुण्याला चहाच्या आधी इतिहास मिळतो. माझ्या राजपुरा मोहल्ल्यातल्या मैत्रिणीच्या घरी तर जरा जास्तच. तिचे बाबा, म्हणजे माझे काका, शाळामास्तर होते आणि आल्यागेल्याला कुंडी भंडाऱ्यावर नेणं हा त्यांचा नेम होता. गावाबाहेर जमिनीच्या पोटात दगडातून कोरलेला लांबच लांब बोगदा आहे, त्यावर विहिरींसारख्या शंभराच्या वर कुंड्या आहेत, आणि सातपुड्यात झिरपलेलं पाणी त्यातून कुठल्याही पंपाशिवाय गावाकडे येतं. मोगलांच्या काळचं काम, पण अजून चालू. काका पाहुण्याला कुंडीच्या कठड्याशी उभं करायचे, दोन बोटं वर धरायचे आणि म्हणायचे, "जगात दोनच ठिकाणी आहे हे. एक इराणात, अन् दुसरं आपल्या बुरानपुरात."

मी लोधीपुऱ्यातली, पण अर्धीअधिक त्यांच्या घरी वाढले. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते म्हणायला लागले की मी बोटं आधीच वर करायची. काका रागवायचे नाहीत. उलट म्हणायचे, "पाहा, पोरीला पाठ आहे."

पुढे आम्ही दोघी पुण्यातल्या एका कंपनीत लागलो आणि कंपनीने आम्हाला काही महिन्यांसाठी जर्मनीत पाठवलं. सोबत पुण्याचीच एक मैत्रीण होती, सगळं वेळेवर करणारी. ते दिवस युरोप एक व्हायचे होते. नवं नाणं नुकतंच आलं होतं आणि एका देशातून दुसऱ्यात जाताना पासपोर्ट कुणी बघतही नव्हतं. गंमत म्हणजे, त्याच सुमारास आमचं बुऱ्हाणपूर खंडव्यापासून वेगळं होऊन जिल्हा झालं. काकांनी फोनवर दोन्ही बातम्या एका दमात सांगितल्या होत्या. आमच्या जिल्ह्याची त्यांना मोठी वाटत होती.

पण त्या हिवाळ्यात काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मैत्रीण धावत घरी जाऊन आली, आणि परतली ती एक अट घेऊन. दर रविवारी फोन करायचा आणि आठवडाभरात जे पाहिलं ते सांगायचं. पाहुण्यांना गाव दाखवणारा माणूस आता खाटेवर पडून पोरीच्या डोळ्यांनी गावं पाहत होता.

सुट्टी लागली तसं आम्ही सर्वांत स्वस्त विमान शोधलं. ते पालेर्मोला जात होतं, म्हणून आम्ही पालेर्मोला गेलो. सिसिली बेटावर नेमकं काय आहे हे तिघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. राहायला दुमजली लोखंडी खाटांची खोली, खायला पाव, टोमॅटो आणि बुऱ्हाणपूरहून आलेली शेंगदाण्याची चटणी. चर्चच्या पायऱ्यांवर बसून हे जेवण चालायचं. बाजारातला म्हातारा भाजीवाला भाव आधी जुन्या लिऱ्यात सांगायचा, मग कपाळाला हात लावून बोटांवर युरो करून दाखवायचा. मला तो फार आवडला. आमच्याकडची म्हातारी माणसं अशीच आण्यांत बोलायची.

माझी मैत्रीण मात्र पालेर्मो बघतच नव्हती. ती बुऱ्हाणपूरच बघत होती. तिथल्या मोठ्या चर्चच्या एका खांबावर अरबीत कुराणातल्या ओळी कोरलेल्या आहेत. पुणेकरीण हरखून फोटो काढायला लागली, तर ही म्हणाली, "यात काय एवढं? आमच्या जामा मशिदीत संस्कृत लिहिलेलं आहे." एका राणीची कबर दिसली, तर ही लगेच, "ताजमहालवाली राणी आधी आमच्याकडे पुरली होती." आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. शेवटी मीच वैतागले.

"तुझ्या गावाच्या बाहेर ये ना जरा," मी म्हटलं.

"तुझं गाव नाही का ते?"

"आहे. म्हणून तं म्हणून राहिली."

दुसऱ्या दिवशी राहण्याच्या जागी भिंतीवरचा एक कागद पुणेकरणीने वाचला. शहराखाली अरबांच्या काळचे पाण्याचे बोगदे आहेत, वर विहिरींसारखी तोंडं आहेत, डोंगरातलं पाणी उताराने आपोआप येतं, खाली उतरून पाहता येईल. तिने मोठ्या उत्साहाने सगळं वाचून दाखवलं आणि म्हणाली, "अगं, हे तुमच्या त्या कुंडीसारखंच दिसतंय!"

मैत्रिणीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "हो नाही सकत," ती म्हणाली. "एक इराणात अन् एक आपल्याकडे. दोनच आहेत."

"असं कुणी सांगितलं?"

"बाबांनी."

यावर पुणेकरीण शेजारचा कागद वाचायला लागली. मला मात्र राहवेना. खरं काय ते बघायची मला इतकी उत्सुकता होती की मी तिघींची नावं देऊन टाकली. मैत्रीण म्हणाली की येईन, पण ते खोटं आहे हे दाखवायला येईन. वाटेत बसमध्ये तिने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "खरं निघालं तं मी रविवारी काय सांगू त्यांना? बाबांकडे आता तेवढंच राहिलं आहे ना."

ती जागा गावाबाहेर, लिंबांच्या बागांना लागून होती. तिथल्या दाढीवाल्या वाटाड्याने आम्हाला दिव्याचे टोप घातले, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट हातात दिले आणि छाती काढून इंग्रजीत सांगितलं, "अख्ख्या युरोपात हे फक्त आमच्या पालेर्मोत आहे." मी आणि मैत्रिणीने एकमेकींकडे पाहिलं. काकांचा कुंभमेळ्यात हरवलेला भाऊच तो.

मैत्रिणीने बूट खाली ठेवले, पायातले जोडेही काढले आणि अनवाणी उभी राहिली. आमच्याकडे कुंडीत उतरताना चपला वर काढून ठेवतात. पिण्याचं पाणी आहे ते. वाटाड्या हातवारे करू लागला, की खाली दगड धारदार आहेत, बुटांशिवाय सोडता येणार नाही. तिने कारण सांगितलं, तर तो म्हणाला, "पण आता हे कोणी पीत नाही." त्यामुळे तर ती जास्तच हटून बसली. मागे रांग खोळंबली, पुणेकरीण लाजेने लाल झाली. शेवटी मी म्हटलं, "पुस्तकाला पाय लागला तं आपण नमस्कार करतो ना? तसाच कर अन् चल."

खाली उतरलो. तिने आधी पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला, मग बुटांतले पाय पाण्यात टाकले.

आणि मग आम्ही दोघींनी टोपांचे दिवे भिंतीकडे वळवले. तेच. भिंतीवर छिन्नीचे तसेच तिरके घाव, तसाच चुन्याचा पांढरा थर, वरून टपटपणारं पाणी आणि डोक्यावर लांब कुठेतरी नाण्याएवढा उजेड. दगड तेवढा पिवळा होता. मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. कुठलं बेट, कुठली आमची तापी, आणि जमिनीखाली माणसांनी एकच युक्ती लढवलेली! मी भिंतीवरून हात फिरवत चालले होते, आणि मैत्रीण माझ्या पुढे रडत चालली होती.

मध्येच ती वाकली, ओंजळ भरली आणि वाटाड्या "नो, नो" म्हणेपर्यंत पाणी पिऊन मोकळी झाली. तो घाबरला. मग तिने त्याला सांगितलं की आमच्या गावातही हे आहे, आणि आम्ही ते पितो. त्याचा चेहरा उतरलेला मी दिव्याच्या उजेडात पाहिला. बसमध्ये हिचा उतरला होता, अगदी तसाच. पण मग त्याने इतके प्रश्न विचारले की आमच्या मागच्या लोकांचं पाहणं राहूनच गेलं. पुणेकरीण वर आल्यापासून पोटाच्या गोळ्या घेऊन हिच्यामागे फिरत होती. हिला काही म्हणजे काही झालं नाही.

रविवारी एका बांगलादेशी माणसाच्या फोनच्या दुकानात आम्ही दोघी एकाच काचेच्या खोक्यात कशाबशा उभ्या राहिलो. तिने बाबांना भाजीवाला सांगितला, खांब सांगितला, राणीची कबर सांगितली. तिकडून काकांचा जड आवाज आला, "अजून काय पाहिलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं.  मी काय म्हणणार? बाप तिचा होता.

"बाबा," ती म्हणाली, "इथं पण कुंडी भंडारा आहे."

 आणि तिने डोळे मिटून घेतले.

"चालू आहे?" काकांनी विचारलं.

"हाव."

"पाणी पिली?"

"पिली बाबा."

"कसं आहे?"

"आपल्यासारखंच. थोडं जड."

 मग एकेक अक्षर जुळवत काका म्हणाले, "मतलब... तीन झाले." आणि मग त्यांनी दगडाचा रंग विचारला, खोली विचारली, उजेड कुठून येतो ते विचारलं. दुकानदार काचेवर टकटक करेपर्यंत ते विचारतच होते.

दिवाळीत मी घरी गेले तेव्हा राजपुऱ्यात जाऊन आले. काकांना खुर्चीत बसवलेलं होतं. इंदूरहून बदलून आलेले बँकेतले एक साहेब भेटायला आले होते आणि समोर मावा जलेबी होती. काकांना कुठे जाता येत नव्हतं, पण डावा हात चालत होता. त्यांनी तो वर केला आणि तीन बोटं उघडली.

"जगात तीनच ठिकाणी आहे हे. एक इराणात, दुसरं आपल्या बुरानपुरात," ते म्हणाले, आणि दारात उभ्या असलेल्या मैत्रिणीकडे मान वळवून, "तिसरं माझ्या पोरीनं शोधलं."

तोपर्यंत आम्ही दोघींनी सायबर कॅफेत बसून सगळं वाचलं होतं. एकट्या इराणात असे बोगदे हजारोंनी आहेत. ओमानात आहेत, मोरोक्कोत आहेत, स्पेनमध्ये आहेत. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, माझेही.

मी आणखी एक जलेबी उचलली आणि खुर्ची पुढे ओढली. "काका," मी म्हटलं, "तिसरं कुठं आहे म्हणता?"

त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.