गायींचा वाटा

माझे धाकटे दीर हिशेबखात्यात आहेत. पैशांच्या नव्हे, हवेच्या. देशात हवा तापवणारे वायू किती निघतात, त्यात कारखान्यांचा वाटा किती, गाड्यांचा किती, गायीम्हशींच्या ढेकरांचा किती, हे मांडायचं त्यांचं काम. घरात आमचा गोठा आणि भावजी ढेकर मोजणारे, म्हणून गल्लीत त्यांना ढेकरसाहेब म्हणतात. एका जागी बसणं त्यांना जन्मात जमलेलं नाही. जेवतानाही एक पाय दाराकडे.

त्या महिन्यात तर माणूस पार सैरभैर झाला. गोठ्यात यायचे, गव्हाणीवर हात ठेवायचे, निघून जायचे. शेवटी मीच खडसावलं, तेव्हा तोंड उघडलं. सीमेपलीकडच्या देशाशी तुलना करणारा तक्ता त्यांनी केला होता. आपल्याकडे निम्मा वायू गुरांचा, तिकडे जेमतेम दहावा हिस्सा. वरच्या साहेबांनी तेवढंच पाहिलं आणि ठरवलं की आपली गुरं फार झाली. शहराजवळचे गोठे आधी बंद करायचे.

"मग खोटं काय त्यात?" यांनी विचारलं.

"दादा, घरात आपण तिघं. मी एकटा घोरतो, म्हणजे तिसरा हिस्सा. शेजारी बारा माणसं, त्यातली तीन घोरतात, म्हणजे चौथाच. मग आवाज कुणाकडे जास्त?"

तिकडे कारखानेच एवढे, की गुरं त्यात दिसेनाशी होतात. खरं तर त्यांची सगळी गुरं मिळून आपल्या गुरांपेक्षा जास्त वायू सोडतात. हे निर्णयाच्या बैठकीत सांगायला खात्यात दुसरं कुणी तयार नव्हतं. मी म्हटलं, मग तुम्ही सांगा, तोंडाला कुलूप लागलंय का? तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. ज्याच्या घरचं हित गुंतलंय त्याने बैठकीबाहेर बसायचं, असा त्यांच्याकडे नियम. आमचा गोठा असेपर्यंत भावजींना आत जागा नव्हती.

"वहिनी, गायी विकता का?" ते म्हणाले. माझ्याकडे बघवत नव्हतं त्यांना.

माझं डोकं फिरलं. गोठे वाचवायला आमचाच गोठा मोडायचा, हे कुठलं शहाणपण? चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ताट वाढायचं आणि पाठ फिरवायची. पण गल्लीतले गोठेवाले रोज दारात येऊन बसायचे, आणि हेही रात्र रात्र जागे. शेवटी मीच हो म्हटलं. गायींना व्यापारी मिळाला तो सीमेपलीकडचा. तिकडे गोठे बंद करायची भाषा नव्हती. तिकडे त्या कुणाच्या डोळ्यांत खुपत नव्हत्या. तांबडी ट्रकमध्ये चढेना, तेव्हा यांनी तिला पुढून ओढलं आणि मी मागून ढकललं.

भावजी बैठकीत बोलले. घसा बसेस्तोवर बोलले असं ऐकलं. गोठे बंद करायचं बारगळलं. गल्लीत पेढे वाटले, आमच्या दारात दोन डबे आले. गायी परत घ्यायला यांनी व्यापाऱ्याला फोन लावला, तर त्याने सरळ सांगितलं की गायी केव्हाच पुढे विकल्या.

पुढच्या वर्षी भावजी नवा तक्ता करत होते, टेबलाशी उभ्या उभ्याच. मी चहा ठेवला आणि विचारलं, आपल्या गायी तिकडे गेल्या, तर आपला वाटा थोडा तरी कमी झाला असेल ना?

त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"नाही वहिनी. एवढ्याशा गायींनी आकडा हलत नाही."