गवताच्या मशीनवरची पावलं

त्या दिवशी सकाळी धुकं होतं आणि न्याहारी होते न होते तोच ऊन असं चढलं की धुकं कधी पडलंच नव्हतं असं वाटावं. दसरा नुकताच झाला होता. आदल्या रात्री परतीचा पाऊस विजा घेऊन आला आणि धो धो पडून गेला. जमिनीतून वाफा निघत होत्या. अशा हवेत माणसाला काही सुचत नाही, पण गवताला फार सुचतं. संध्याकाळी घोट्याला लागत होतं ते सकाळी पोटरीला लागायला लागतं.

हवेचं आधी सांगून ठेवलं, कारण पुढे मी जो घोळ घातला त्यातला थोडा हवेच्या नावावर खपला तर बरा. बाकीचा सगळा माझा. चहा घ्या, निवेल. मला घाईत सांगता येत नाही, आणि घाईत सांगण्यासारखं यात काही नाहीसुद्धा.

पनवेलजवळच्या कोन गावाच्या पुढे, आमच्या गावाला लागून एका शेठचं लॉन आहे. लग्नं, साखरपुडे, वाढदिवस, सगळं होतं तिथे. शेती गेली तेव्हापासून त्या गवताची राखण माझ्याकडे. शेठने गवत कापायला बाहेरदेशाचं एक मशीन आणलंय. लाल रंगाचं, लहान ट्रॅक्टरसारखं. वर बसायचं, पोटाखाली पाती फिरतात, गवत कापत कापत पुढे जायचं. नातवंडं म्हणतात, आबाची गाडी.

त्या रविवारी लॉनवर साखरपुडा होता आमच्या शेजारच्या हिराच्या पोरीचा. हिरा पनवेलच्या बाजारात मासळी विकते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पोरीला तिने एकटीने वाढवलं. पाहुणे उरणकडचे, मोठ्या घरातले. हिरा महिनाभर एकच बोलत होती, "आबा, लोकांनी नाव नाय ठेवलं पायजे." आणि मी काय बोललो असेन? मी बोललो, "हिरा, तू मासळीचं बघ. गवात माझ्यावर सोड."

आता मुख्य गोष्ट. दसऱ्याला आम्ही अवजारांची पूजा करतो. घरात नांगर राहिला नाही, पण कोयता, विळा, फावडं आहे, आणि हे मशीन आहे. दरवर्षी मी त्याला पाण्याने धुतो, आमची म्हातारी, म्हणजे बायको, हळदकुंकू लावते, झेंडूची माळ घालते. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू पुसायचं, वर बसायचं, कामाला लागायचं. यंदा म्हातारीने बाजारातून लक्ष्मीच्या पावलांचे स्टिकर आणले होते. उंबऱ्याला लावले, देव्हाऱ्यापुढे लावले, कोंबड्यांच्या खुराड्याला लावले, तरी एक जोडी उरली. ती तिने मशीनच्या सीटवर चिकटवली. बरोब्बर मधे.

मी बोललो, "अगं, इथं कशाला?"

"मग? याच्यावरच आपलं पोट चालतं ना? यो पन लक्ष्मीच हाय."

बोलणं खरं होतं. पण आता तुम्हीच सांगा, लक्ष्मी जिथे पावलं टेकवून उभी आहे तिथे मी माझं बूड कसं टेकवू? कुंकू असतं तर पुसलं असतं. लक्ष्मीची पावलं नखाने खरवडून काढायची का?

मला त्याची काही अडचणही वाटली नाही. भाताच्या चिखलात फळीवर उभं राहून बैल हाकण्यात माझी उमर गेली. बैलांमागे उभा राहिलो, तर मशीनवर उभं राहायला काय झालं? मी मशीनच्या दोन बाजूंच्या पायऱ्यांवर पाय रोवले, सीटला हात जोडले, एका पायाने ब्रेक दाबला आणि चावी फिरवली.

मशीन सुरू झालं. आवाज कसा, मांजर घुरघुरावं तसा. मी ब्रेकवरचा पाय उचलला आणि मशीन गप्प.

पुन्हा चावी. पुन्हा घुरघुर. पाय उचलला, गप्प.

मी वाकून त्याच्याशी बोललो. हसू नका, बैलाशी बोलायची सवय आहे. "काय झालं रे बाबा? दसऱ्याचं गोडधोड तर आमी खाल्लं, अजीर्न तुला कसं झालं?" मशीन कशाला बोलतंय.

मग मी जुन्या पद्धतीने चाललो. वस्तू बिघडली की संशय येईल तो भाग काढायचा, रुमालात बांधायचा, दुकानात न्यायचा आणि बोलायचं, असाच दुसरा द्या. मी प्लग काढला आणि एसटीने पनवेलला गेलो.

दुकानदार पोरसवदा होता. प्लग हातात घेऊन बोलला, "काका, कुठली गाडी?"

"गाडी नाय. गवताचं मशीन."

"कंपनी?"

"लाल."

"लाल ही कंपनी नसते हो. मॉडेल सांगा."

"बसायचं."

"बसायचं म्हणजे?"

"म्हनजे मानूस वर बसतो आणि गवात कापतो. बसल्याबिगर नाय कापत."

बघा. माझ्या तोंडाने, माझ्याच दातांमधून हे शब्द बाहेर पडले. ते माझ्या कानांत जायला चार बोटांचं अंतर. पण नाही गेले.

त्याने कसल्याशा मोटारसायकलचा प्लग दिला, तो बसलाही. मशीन सुरू झालं, पाय उचलला, गप्प. दुसऱ्या दिवशी पेट्रोलची जाळी रुमालात बांधून नेली. नवी आणली, लावली, तेच. मग खालचा पट्टा काढला. तो रुमालात मावेना म्हणून गळ्यात घातला. एसटीत एक बाई बोलली, "बाबा, कुठल्या देवाला चाललाय?" दुकानदाराने मला लांबूनच हात केला, "नाही हो काका, या मशीनचा पट्टा परदेशातून मागवायला लागेल. पिठाच्या गिरणीचा चालतो का बघा." गिरणीचा पट्टा दोन हात मोठा निघाला. जुनाच गळ्यात घालून परत आलो.

इकडे गवत वाढतच होतं. हिरा रोज बाजारातून येता येता कुंपणाशी मासळीची पाटी घेऊन थांबायची. "आबा, अजून नाय?" मी बोलायचो, "पार्टचा प्रश्न हाय." पार्ट हा शब्द मी तेव्हाच शिकलो होतो आणि तो मला फार आधार द्यायचा.

शुक्रवारी मंडपवाल्याचा टेम्पो मागितला. सहा जणांनी मिळून मशीन वर चढवलं. मी मागे त्याला धरून उभा, नवी गाय आणावी तसा. पळस्प्याला सलीम मिस्त्रीचं गॅरेज आहे. माणूस हुशार आणि बोलायला गोड. त्याने आधी पट्टा जागेवर घातला, मग खांद्यावरचं फडकं सीटवर टाकलं आणि धपकन वर बसला.

फडक्याखाली लक्ष्मीची पावलं. मी डोळे मिटले, हात जोडले आणि मनात बोललो, आई, त्याला माहीत नाही, त्याच्यावर रागावू नको.

डोळे उघडले तर मशीन गॅरेजभर फिरत होतं.

"चाचा," सलीम बोलला, "मशीन तो मक्खन हाय. खराबी काहीच नाय."

"पन आमच्याकडे चालत नाय रे."

"माझ्याकडे चालतंय ना?"

"तुझ्याकडे चालतंय."

"मग बिघाड मशीनमध्ये नाय. तुमच्याकडे हाय."

किती सरळ बोलला होता. मी त्याचा अर्थ असा घेतला की आमची जागा बिघडली.

घरी आलो. मशीन उतरवलं, फडकं झटकलं, पावलांना नमस्कार केला, पायऱ्यांवर उभा राहिलो, चावी फिरवली, पाय उचलला. गप्प.

पळस्प्याला चालतं आणि इथे नाही, याचा अर्थ काय? म्हातारीने अर्थ सांगितला. "तो मिस्त्री वर बसला तवा तुमी बघत रायलात? ती रुसली." तिने लगेच नारळ फोडला, उदबत्ती लावली आणि सीटवर ताजं हळदकुंकू वाहिलं. झालं. आधी बसायला अवघड होतं, आता तर बघायलाही भीती वाटायला लागली.

शनिवार उजाडला. उद्या साखरपुडा. मी विळा घेऊन एका कोपऱ्यातून कापायला सुरुवात केली. कंबर सरळ करून मागे पाहिलं तर एवढंच दिसलं की एका म्हशीची सोय झाली आहे. पुन्हा मशीनकडे आलो, इंजिन चालू केलं आणि ब्रेक दाबून उभा राहिलो. नुसतं ऐकत. आजारी माणसाच्या उशाशी बसतात तसं.

तेवढ्यात हिरा आली. बाजारातून थेट, हातात रिकामी पाटी. गवताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच बोलली, "आबा, उरनची मानसा काय या गवतान म्हशी चरवायला येनार हायत?"

मी बोललो, "हिरा, जरा वर चढ आणि यो ब्रेक दाबून धर. मला खाली वाकून आवाज कुठून येतो ते बघू दे."

मला वाटलं ती उभी राहील. माझ्यासारखी. पण दिवसभर बाजारात बसून पाय भरलेली बाई, ती कशाला उभी राहते? तिने वर चढून ब्रेक दाबला, मी उतरलो, आणि ती लुगडं सावरून लक्ष्मीच्या पावलांवर, नारळाच्या पाण्यावर, ताज्या हळदकुंकवावर ऐसपैस बसली. हिरा अंगाने भरलेली आहे. सीट खालून करकरली.

"हिरा," मी बोललो, "अगं तिथं..."

"काय तिथं?" असं विचारताना ती माझ्याकडे वळली आणि तिचा पाय ब्रेकवरून सुटला.

मशीन चाललं. हिरासकट. बैलगाडीच्या चालीनं, पण थांबायचं नाव नाही.

"आबा, याला धर."

"तूच धर, सुकानू तुझ्या हातान हाय."

"मी काय होडीन बसलंय?"

ती पुढे, मी मागे, माझ्यामागे म्हातारी. स्टेजला एक फेरी झाली. मला अजून एकच चिंता, ती बसली कशावर. मी ओरडलो, "हिरा, ऊठ तिथून. ऊठ."

ती उठली. मशीन गप्प.

हिराने वरून माझ्याकडे बघितलं. मग खाली सीटकडे बघितलं. लुगड्याला मागे हात लावून बघितला, हात पिवळा झालेला. मासळी ओळखणाऱ्या बाईला आणखी काय सांगायला लागतं? तिने ब्रेक दाबून चावी फिरवली. बसली, पाय उचलला, मशीन चाललं. उठली, बंद पडलं. मला दाखवायला पुन्हा एकदा केलं. शाळेत मी गेलो नाही, पण शाळेत असंच शिकवत असावेत.

"आबा, तू हप्ताभर उबा रावून चालवतस?"

मी मान हलवली.

"आणि पट्टा गल्यान घालून पनवेलला कोन फिरला?"

मी तीच मान पुन्हा हलवली.

संध्याकाळी सलीमला फोन केला. तो बोलला, सीटच्या खाली बटन असतं चाचा, माणूस पडला तर मशीन आपोआप बंद व्हावं म्हणून. मग इतका हसला की शेवटी फोन कापला गेला.

पण त्याआधी म्हातारीने काम केलं होतं. खोबरेल तेलाचं बोट फिरवून पावलं अलगद सोडवली आणि मशीनच्या नाकावर, पुढे लावली. "आता ती पुडं उबी, तुमी मागं बसा. कापा." मी कापलं. अंधार पडायच्या आत सगळं लॉन कसं, नुकती हजामत केल्यासारखं.

रविवारी पाहुणे आले. चपला काढून गवतावर चालले. नवऱ्या मुलाची आजी तर बोलली, गालिचा कुठून आणला? हिरा माझ्याकडे बघून नुसती हसली. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

मग विधीची वेळ झाली. पोरीला बाप नाही, तेव्हा आमच्या बाजूचा वडीलधारा म्हणून मला पुढे बोलावलं. लाल मखमलीची खुर्ची, तिच्यावर कुणीतरी फुलं आणि अक्षता टाकून ठेवलेल्या. समोर उरणचे व्याही बसलेले, भटजी ताट घेऊन तयार. मी खुर्चीपाशी गेलो आणि फुलांवर कसं बसायचं म्हणून, सवयीने, हात जोडून तिच्या बाजूला उभा राहिलो. भटजी थांबले. व्याही थांबले. वाजंत्रीवालेसुद्धा थांबले.

तेव्हा हिरा मांडवाच्या त्या टोकावरून, दोन्हीकडच्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बाजारातल्या आवाजात बोलली, "आबा, बस पटकन. तू बसल्याबिगर इथं कायच चालू व्हत नाय."