चौदा पिढ्यांचे आप्पा

समोरचा माणूस खुर्चीत नीट टेकायच्या आत आप्पा विचारायचे, "तुम्हनं मूळ गाव कोनतं?" उत्तर आलं की लगेच, "अनं त्याना पहिले?" पाहुण्याला पाणी मिळायच्या आधी त्याच्या पणजोबाची चौकशी व्हायची.

शहाद्यात आमची आणि त्यांची भिंत एक. गेल्या वर्षी ते गेले. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण जिवंतपणी त्यांनी आम्हाला बोलू दिलं असेल तर शपथ.

रिटायर झाल्यावर माणसं भजनाला जातात, नातवंडं सांभाळतात. आप्पांनी वंशावळ धरली. भाटांच्या ओट्यावर जाऊन बसायचे, एसटीनं पार गुजरातपर्यंत हिंडायचे. खांडबाऱ्याला एक भाऊबंद सापडला म्हणून नाचत गेले, तर तो स्टेशनबाहेर भजी तळत होता. बिचाऱ्यानं प्रेमानं प्लेटभर भजी खाऊ घातली. आप्पांनी ती खाल्ली, घरी आले आणि त्याच्या आजोबाच्या नावाखाली 'निर्वंश' लिहून मोकळे झाले. चांगला तीन पोरांचा बाप, हिंडता-फिरता माणूस, आणि यांनी पुसून टाकला! तेव्हापासून मला हा माणूस डोळ्यांसमोर नको झाला.

शेवटी चौदा पिढ्यांचं झाड फ्लेक्सवर छापून बैठकीत लागलं. बुंध्याशी घोड्यावरचा तलवारवाला. तो कोण, कुठला, देव जाणे. फ्लेक्सवाल्याकडे आयता मिळाला असणार. झाडात बाई एकही नव्हती. बघणाऱ्याला वाटावं, चौदा पिढ्या पुरुषांना पुरुषच झाले.

त्यांची बायको, आमच्या वहिनी, या सगळ्याला चहा पुरवता पुरवता एक दिवस गेल्या. त्यानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. एरवी लेकी आखाजीला माहेरी झोके खेळायला येतात. यांची एकुलती एक लेक धानोऱ्याहून आली ती आईच्या नावानं पाण्याची घागर भरायला. पहाटे उठून पुरणाच्या पोळ्या केल्या, आमरस केला. मला जेवायला बोलावलं होतं.

आमच्याकडे त्या दिवशी निखाऱ्यावर तूप-पोळीचा घास ठेवून गेलेल्यांची नावं घेतात. त्याला आगारी म्हणतात. आप्पांनी तलवारवाल्यापासून सुरुवात केली. एकेक बापजादा खणखणीत आवाजात. पोळ्या गार, रस काळा पडायला आला. यादी संपली आणि आप्पा हात जोडून उठायला लागले.

"आप्पा, मायनं नाव ऱ्हायनं," पोरगी म्हणाली.

"झाड मानसेस्नं ऱ्हास, बायास्नं नही, बेटा."

"घागर तिन्हा नावनी भरेल शे."

पोरगी निखाऱ्यासमोरून हलेना. मग आप्पांनी उपकार केल्यासारखा घास उचलला आणि वहिनींचं सासरचं नाव घेतलं.

"ते तुम्ही ठेयेल नाव शे. तिन्हा बापना घरनं नाव घ्या."

आप्पांनी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. लग्नात नाव बदललं, सासुरवाडीला हे कधी मुक्कामाला गेले नाहीत, आणि माहेरी वहिनींना सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे. चौदा पिढ्या तोंडपाठ असलेला माणूस सगळ्या भिंती धुंडाळून झाल्यावर माझ्याकडे बघायला लागला. मला ठाऊक होतं. पापड लाटताना वहिनींनीच सांगितलं होतं आणि सांगताना लाजल्या होत्या. पण मी बोलले नाही. म्हटलं, हिंड आता एसटीनं.

पोरीनंच शेवटी दुसरा घास उचलून निखाऱ्यावर ठेवला. "शेवंता," ती म्हणाली. तूप चर्र झालं.

"कोनी ठेयेल व्हतं?" आप्पांनी हळूच विचारलं. सवयच ती.

"तिले कधी इचारं का तुम्ही?"

आप्पांच्या हातात घास तसाच होता, आणि तूप मनगटावरून ओघळत होतं. तो ठेवायचा तर ते नाव घ्यावं लागणार होतं. त्यांचे ओठ दोनदा हलले. मला कीव आली, खोटं कशाला बोलू. पण आवाज काही फुटला नाही, आणि निखारे विझत गेले.