पायरीपर्यंत समुद्र

कुठलीही पेटी समोर आली की ते आधी सदऱ्याची बाही वर सारायचे आणि हात सरळ तळाशी घालायचे. वरची फळं बघायचीसुद्धा नाहीत. "खालचं काढ गा, खालचं. वरचं त सारेच दाखवतात."

मुलांनो, तुम्ही त्यांना संत्रेवाले आजोबा म्हणत होतात. आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. नागपुरात कळमन्याच्या बाजारात त्यांनी उभी हयात संत्र्यांची अडत चालवली, मग ती मुलाच्या हाती देऊन सक्करदऱ्याला आमच्या समोरच्या घरात राहायला आले. बाजार सुटला, पण हाताची सवय सुटली नाही. साडीच्या दुकानात ते गठ्ठ्यातली सर्वात खालची साडी मागायचे. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला पातेल्याच्या तळाचा भात वाढायला लावायचे. तुमच्या आईसाठी तुमच्या बाबांचं स्थळ आलं तेव्हा मी मोठ्या कौतुकाने फोटो दाखवला, तर त्यांनी तो हातातही घेतला नाही.

"वहिनी, फोटो म्हंजे वरचा माल. पोराचा मोठा भाऊ आपल्या बायकोशी कसा बोलते ते पाहून या."

आम्ही पाहून आलो. तुमचे काका चांगले बोलले, म्हणून तुम्ही आहात असं समजायला हरकत नाही.

आता त्यांच्यासोबतच्या समुद्राच्या सहलीचं क्रमाने सांगते. सकाळी सक्करदरा तलावाच्या बाजूने फिरणाऱ्यांचं आमचं एक मंडळ आहे. दरवर्षी हिवाळ्यात आम्ही कुठेतरी जातो, बायका-नवरे, दीर-जावा धरून तीस-पस्तीस माणसं. जंगल झालं, पचमढी दोनदा झाली. त्या वर्षी समुद्र ठरला आणि रिसॉर्ट निवडायची सभा आमच्या घरी भरली. मी इंटरनेटवर राहून आलेल्यांची मतं शोधून ठेवली होती, ती एकेक करून वाचून दाखवली.

"हे कोण लिहिते?" भाऊंनी विचारलं.

"जे राहून आले, ते."

"ज्याचं पोट दुखलं तो लिहिते, नाही त ज्याचा साळा मॅनेजर आहे तो. बाकीचे घरी येऊन झोपून जातात."

प्रत्येकाला वेगळंच हवं होतं. कोणाला पोहायचा तलाव, कोणाला अंडंसुद्धा न शिजणारं स्वयंपाकघर, कोणाला सोबत नेलेल्या सावजी मसाल्याची भाजी करून देणारा आचारी. आमच्यात एक भूगोलाचे निवृत्त सर आहेत, त्यांना शांतता हवी होती, आणि ती ते स्वतः मोठ्या आवाजात मागत होते. भाऊंचा प्रश्न मात्र एकच.

"समुद्र किती दूर?"

"चालत पाच मिनिटं," मी वाचलं.

"कोणाचे पाच मिनिटं, वहिनी? आमच्या अक्काचे पाच मिनिटं म्हंजे खाटेपासून न्हाणीघर."

सगळे हसले, पण विषय तिथेच संपला. अक्का म्हणजे भाऊंची मोठी बहीण. आई लवकर गेली आणि उमरेडच्या घरात अक्कांनीच या भावाला वाढवलं. मी त्यांना पाहिलं तेव्हा त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले होते आणि जीभ मात्र शाबूत होती. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. कोणी मुंबईहून, पुरीहून आलं की त्या हटकून विचारायच्या, "खरंच त्याले दुसरा काठ नाही काय वं? मंग माणूस पाहते कुठं?" उत्तर कोणीही दिलं तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की एवढा प्रवास या वर्षी जमेल, पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही. म्हणून भाऊंना समुद्र नुसता खोलीच्या खिडकीतून दिसायला नको होता, अक्कांना त्यात पाय बुडवता यायला हवे होते. चालवत त्यांना नेणं शक्य नव्हतं आणि उचलून न्यायला त्यांनी साफ नकार दिला होता. "मेल्यावर उचलसान सारे. तवरक नाही."

शेवटी दोन ठिकाणं उरली आणि भाऊ स्वतः बघायला निघाले. एकटे. त्यातल्या पहिल्या ठिकाणी, अलिबागच्या पुढच्या एका गावात, भर दुपारी पोचले आणि परतीची बस पकडायच्या आधी जेवढा वेळ होता तेवढ्यात त्यांनी ते रिसॉर्ट मुळापासून तपासलं. गाद्या उलट्या केल्या. तांदळाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. गच्चीवर चढून टाकीचं झाकण उघडलं. "आम्हाला आजवर असं कोणी पाहिलं नाही हो," असं तिथल्या मॅनेजरने मला नंतर सांगितलं, आणि त्याच्या आवाजात तक्रार होती की आदर, हे मला अजून कळलेलं नाही. मग भाऊंनी मला फोन केला. मागे लाटांचा आवाज एवढा होता की ते ओरडून बोलत होते.

"वहिनी, पक्कं करून टाका. पायरीले पाणी लागून आहे. अक्का खुर्चीत बसन आणि समुद्र येऊन पाय धुवन."

दोन आठवड्यांनी आम्ही गेलो. रात्रभर रेल्वे, मग बस. सकाळी पोचलो. अक्कांना बसमधून उतरवून, चाकांच्या खुर्चीत बसवून, फाटकातून, नारळांमधून, शेवटच्या पायरीपर्यंत आणलं. सगळं मंडळ मागे.

समोर समुद्र नव्हता.

ओली वाळू होती, तिच्यावर दोन कुत्री होती, आणि पार क्षितिजाजवळ एक पांढरी रेघ हलत होती. तुम्ही समुद्राकाठी वाढलात, तुम्हाला हसू येईल. पण आम्ही तलावाची माणसं. आमचं पाणी उन्हाळ्यात आटतं, पावसाळ्यात भरतं, पण नाश्त्याच्या वेळेला कुठे निघून जात नाही.

एकदम सगळे बोलायला लागले.

"भाऊ, समुद्र कोण्या पेटीत ठेवला जी?"

"खालचा माल काढून राहिले ते. वरचं पाणी काढून टाकलं."

भाऊ पायरीवर उभे होते. "इथं होतं," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यानं पाहिलं. इथं या पायरीले लागून होतं."

तेव्हा भूगोलाच्या सरांनी घसा साफ केला. "ही ओहोटी आहे. चंद्राच्या आकर्षणामुळे दिवसातून दोनदा..."

"मंग सभेत काहून नाही सांगितलं?" भाऊंनी विचारलं.

"मला कोणी विचारलं नाही," सर म्हणाले.

अक्का मात्र शांतपणे ऐकत होत्या. "म्हंजे नळासारखं आहे काय गा, बाबू?" त्यांनी भावाला विचारलं. "वेळेवर येते?"

मॅनेजर म्हणाला, "दुपारी बारा-साडेबारापर्यंत येईल आजी, पायरीपर्यंत येईल." पण भाऊंचा आता कशावरच विश्वास उरला नव्हता. स्वतःच्या डोळ्यांवर नाही, तर मॅनेजरच्या शब्दावर काय? आज पाणी आलंच नाही आणि उद्या अक्कांना थकवा आला, ताप आला, तर? खोलीतून त्यांनी आंघोळीची बादली आणली आणि चपला घालूनच त्या वाळूवरून पांढऱ्या रेघेकडे चालायला लागले. आम्ही पोहे खात त्यांना लहान लहान होताना पाहिलं. परत आले तेव्हा सदरा घामाने भिजला होता आणि बादली अर्धी सांडली होती. ती त्यांनी अक्कांच्या पायाशी ठेवली.

अक्कांनी वाकून आत पाहिलं.

"हे काय होय?"

"समुद्राचं पाणी. घाल पाय."

"बादली त घरी होती, बाबू. यासाठी मले एवढं दूर आणलं काय?" आणि त्यांनी पाय लुगड्याच्या आत ओढून घेतले. "मी बसतो इथं. तो येईन त येईन."

खुर्ची पायरीखाली वाळूवर घ्यायला लावून त्या बसल्या. आम्ही त्यांच्यावर छत्री धरली. ऊन चढलं, पण नागपूरच्या माणसाला ते ऊन म्हणजे काहीच नाही. खोल्यांच्या किल्ल्या वाटल्या गेल्या तरी कोणी खोलीत गेलं नाही. आधी दोघी-तिघी अक्कांजवळ बसल्या, मग त्यांचे नवरे, मग ज्यांना पोहायचा तलाव हवा होता तेही येऊन बसले. भाऊ एकटे उभे. सर अधूनमधून सांगत होते की आता भरती सुरू झाली आहे, आणि खरंच ती रेघ आता जाड दिसायला लागली होती. मग तिचा आवाज आला. मग एक कुत्रं उठून आमच्याकडे चालत आलं.

"येऊन राहिला वं," अक्का मला म्हणाल्या, एखादा पाहुणा गल्लीच्या तोंडाशी दिसावा तशा सुरात.

पहिलं पाणी त्यांच्या बोटांपर्यंत आलं तेव्हा त्या घाबरल्या. दोन्ही पाय वर उचलले आणि भाऊंचं मनगट गच्च धरलं. दुसऱ्या लाटेला एक पाय खाली ठेवला. तिसऱ्या लाटेला दोन्ही. पाणी मागे जाताना तळव्याखालची वाळू ओढून नेतं, ते त्यांना कळलं, आणि त्या अशा हसल्या की आम्ही त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. दात नसलेलं, पोरीसारखं हसू. मान उंच करून त्यांनी समोर नीट पाहून घेतलं.

"नाही गा," त्या म्हणाल्या. "दुसरा काठ नाही. लोकं खरं बोलत होते."

भाऊंना जाऊन आता दोन उन्हाळे झाले. झोपेतच गेले, कोणाला त्रास न देता. अक्का त्यांच्यामागे वर्षभर होत्या. मंडळाच्या सहली अजून ठरतात, आता मोबाइलवरचे फोटो बघून, चहा निवायच्या आत ठरतात. वाद घालायला कोणी नसल्यामुळे मला त्या सभांचा कंटाळा येतो. भाऊ आठवतात ते मात्र त्या दुपारचे.

पाणी वाढत होतं. आम्ही सगळे पायऱ्या चढून वर पळालो. मॅनेजर वरून हाका मारत होता, "आजींना उचला, खुर्ची वाळूत रुतते आहे." अक्का उठायला तयार नव्हत्या. "आत्ता त आला तो. लगेच उठू काय?" भाऊ खुर्चीच्या मागे गेले, दोन्ही हातांनी तिची पाठ धरली आणि पाय रोवून उभे राहिले. इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत पाण्यात. तेवढ्यात एका लाटेने त्यांच्या पायातली कातडी चप्पल सोडवली. ती तरंगत त्यांच्या अगदी हाताशी आली.

"भाऊ, चप्पल, चप्पल!" आम्ही सगळे वरून ओरडलो.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पकडायची तर एक हात सोडावा लागला असता. चप्पल त्यांच्या पोटरीला एकदा लागली, वळली आणि हळूहळू आत निघाली. भाऊ ती जाताना पाहत राहिले, दोन्ही हात खुर्चीवर ठेवून.